अठराशे वेढे

वत्सला मोजायला बसली की त्या घरात कुणी तोंड उघडायचं नाही. मग तो पाहुणा असो, दूधवाला असो, नाहीतर खुद्द नवरा असो. सौंसरहून रामाकोन्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड दिसतं. पुढे दुकान, मागे घर. मागच्या खिडकीपाशी लाकडी पाटावर तार गुंडाळायचं हातयंत्र ठोकलेलं आहे. डाव्या हाताच्या चिमटीत केसाएवढी बारीक तांब्याची तार, उजव्या हातात यंत्राची मूठ आणि ओठांवर आकडे, असा तिचा थाट. शंभर वेढे झाले की समोरच्या वाटीतला तुरीचा एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा. अठरा दाणे पलीकडे गेले की मान वर करायची. मध्येच कुणी 'काकू, हाय का घरी?' म्हणून हाक मारली आणि आकडा चुकला, तर हाक मारणाऱ्याची धडगत नसे. पुन्हा पहिल्यापासून गुंडाळताना ती त्याचा उद्धार करत राही, आणि त्या नादात आकडा पुन्हा चुके.

हे काम ती लग्नाच्या आधीच शिकली होती. माहेर लोधीखेड्याचं. तिथे भाऊ तुळशीराम विहिरीवरच्या मोटारी भरून देई. उन्हाळ्यात वीज कमीजास्त झाली की पंचक्रोशीतल्या मोटारी जळून त्याच्या दारात येऊन पडत. जळकी तार उपसायची, जुने वेढे मोजायचे, तेवढेच नवे भरायचे. दुकानातले बाप्ये चहा-तंबाखूत आकडा विसरत. वत्सला विसरत नसे. भावाने एक शिस्त मात्र तिच्या अंगी भिनवली. भरलेल्या तारेच्या थरांमध्ये जो कागद घालायचा, त्यावर शिसपेन्सिलीने वेढे, तारीख आणि आपलं नाव लिहायचं. कारण मोटार आज ना उद्या पुन्हा जळणार, पुन्हा उघडणार, आणि उघडणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे कुणाचा हात लागला होता. काम खोटं निघालं तर शिव्या घालायलाही नाव लागतं, असं तुळशीराम हसत म्हणे.

देवीदासशी लग्न होऊन ती सौंसरला आली. देवीदासचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माणूस गोड बोलणारा, हाताचा सफाईदार, आणि भांडणाला भिणारा. इतका भिणारा की भाजीत मीठ जास्त झालं तर दोन तांबे पाणी पिईल, पण बोलणार नाही. लोक म्हणत, काय गरीब माणूस आहे. वत्सलाही तेच म्हणे.

मग भिंतीला लटकवायचे पातळ टीव्ही आले आणि दुकानावर माशा घोंघावू लागल्या. अशात एका खदानीच्या प्रयोगशाळेतली जुनी मोजणीची यंत्रं कबाडात निघाली. त्यातला एक लोखंडी डबा देवीदासने उचलून आणला. आत बोटभर उंचीच्या काचेच्या नळ्या होत्या. प्रत्येक नळीत शून्यापासून नऊपर्यंत तारेचे दहा आकडे, एकामागे एक उभे. ज्या आकड्याला वीज द्याल तो पेटतो, बाकीचे त्याच्या आड गप्प बसतात. देवीदासने एक नळी कशीबशी पेटवली आणि बायकोला हाक मारली. आत सात उजळला होता. चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातली की जो रंग येतो, तो रंग. वत्सला बघतच राहिली.

'ह्याची घडी बनन, टाइम दाखवनारी,' देवीदास म्हणाला. 'पन ह्या नळीले एकशेसत्तर व्होल्ट लागते. असा ट्रान्सफॉर्मर बजारात भेटत नाही. तुले गुंडाळणं जमन का?'

बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने 'तुले जमन का' असं पहिल्यांदा विचारलं होतं. वत्सला म्हणाली, 'किती वेढे पाहिजे थे सांगा.'

असं ते काम सुरू झालं. देवीदास नळ्या, सर्किटच्या पट्ट्या, सागवानी पेटी बघायचा. वत्सला आतला ट्रान्सफॉर्मर भरायची. त्याला दोघं नुसतं कॉइल म्हणत. वायरी ओळखता याव्यात म्हणून तिने खुणा ठरवल्या. भिंतीतली वीज जिथे जोडायची त्या टोकांना दोऱ्याची एक गाठ. नळ्या पेटवणाऱ्या अठराशे वेढ्यांच्या टोकांना दोन गाठी. घड्याळ चालवणाऱ्या नऊ व्होल्टच्या जाड टोकांना गाठच नाही. वार्निश लावलेली कॉइल दोन दिवस उन्हात सुकवायची, फडक्यावर ठेवून दुकानात न्यायची आणि नवऱ्याच्या हाती द्यायची. पुढचं त्याचं काम. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, यावर त्यांचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

घड्याळं नागपूरला गेली, पुण्याला गेली, भोपाळला गेली. खदानीतल्या नळ्या संपल्यावर देवीदास जुन्या साठ्यातल्या नळ्या परदेशातून पोस्टाने मागवू लागला. आणि प्रत्येक घड्याळाबरोबर त्याने एक कार्ड द्यायला सुरुवात केली. कार्डावर वत्सलाच्या हातांचा फोटो, आणि खाली छापलेलं: 'या घड्याळाच्या आत सौंसरच्या वत्सलाबाईंनी हाताने गुंडाळलेले अठराशे वेढे आहेत.' पहिलं कार्ड घेऊन ती विहारात गेली होती. बायकांनी ते हातोहात फिरवलं. कुणीतरी म्हणालं, नख तरी साफ करून घ्यायचे होते फोटोले. ती लाजली होती, पण आतून तिला किती बरं वाटलं होतं ते तिलाच माहीत.

दोन हजार अठराच्या पावसाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीड महिना तिने तारेला हात लावला नाही. मग पुन्हा बसली. पहिल्या दिवशी बोटं जरा अडखळली, दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हापासून आजपर्यंत काम चालूच होतं. देवीदास कधी म्हणे, 'यावेळची कॉइल मस्त झाली, बिलकुल आवाज नाही.' कधी कॉइल परत आणून पुढ्यात ठेवी आणि हळूच म्हणे, 'वेढे थोडे कमी पडले वाटते.' मग ती सगळी उकलायची आणि पुन्हा भरायची. एकदा अशीच एक परत आली म्हणून लोधीखेड्याला भाचीच्या हळदीला जाणं राहून गेलं. तुळशीराम आठ महिने बोलला नाही. खांदा दुखायचा, अंगठ्याला भेगा पडायच्या. तरी तिची तक्रार नव्हती. नाव कार्डावर आहे म्हटल्यावर काम तसंच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रस्त्याने संत्र्यांच्या गाड्या नागपूरकडे निघाल्या होत्या. देवीदास मुलाकडे, विशालकडे, नागपूरला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने येणार होता. सकाळी दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची, खांद्याला पर्स, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली पेटी.

'काकू, तुम्हीच वत्सलाबाई काय?'

'होय. तुम्ही कोन?'

'मी सुचिता. पांढुर्ण्याले शाळेत शिकवते. पांढुर्णा नवा जिल्हा झाला त्या साली मी तुमच्याकडची घडी घेतली होती.' तिने टॉवेल सोडला. 'परवा चालता चालता बंद पडली. दिवाच नाही लागून राहिला.'

वत्सलाचा चेहरा उतरला. नळ्या पेटत नाहीत म्हणजे कॉइल गेली. म्हणजे आपला हात खोटा पडला.

'माझंच काम बिघडलं असन,' ती म्हणाली. 'मी पाहते.'

'अवो, होते काकू कधी कधी. तुम्ही कशाले मनावर घेता?' सुचिता हसली. 'आमच्या घरी जो येईन, त्याले मी पहिले कार्ड दाखवते, मंग घडी दाखवते. वर्गातल्या पोरीइले सांगते, सौंसरची एक बाई बसून अठराशे वेढे मोजते, एकही चुकत नाही.'

रविवारी येते म्हणून ती गेली. वत्सला बराच वेळ त्या पेटीकडे बघत बसली. पेटीचा तळ देवीदास नेहमी गोंदाने पक्का चिकटवून टाकी. ती पेटी तिची नव्हती, नवऱ्याच्या हद्दीतली होती. पण नवरा उद्या येणार, आणि आपण काय चूक केली ते उद्यापर्यंत न बघता राहणं तिच्याने होईना. तिने पातळ सुरी घेतली आणि तळ सोडवला.

आत कॉइल नव्हती.

जिथे कॉइल असायची तिथे कापडात गुंडाळलेला एक दगड होता. कन्हान नदीच्या पात्रात मिळतो तसा गुळगुळीत, मुठीएवढा. बाजूला आगपेटीएवढी हिरवी पट्टी, कॉइलचंच काम करणारी, बाजारात तयार मिळते ती. पट्टीचा एक कोपरा जळून काळा झाला होता.

माणसाचं मन बघा, पहिला संशय तिला सुचितावरच आला. ही बाई आधी दुसऱ्या कुणाकडे गेली असेल, आणि त्या चोट्याने आपली कॉइल काढून घेऊन हा दगड भरला असेल. तिने मनातल्या मनात पांढुर्ण्याच्या सगळ्या मिस्त्र्यांना शिव्या घातल्या. मग तिने दगडावरचं कापड सोडलं. हिरवं कापड, काठाला पिवळी बुट्टी. ते तिचंच जुनं लुगडं होतं. फाटलं तेव्हा तिनेच ते देवीदासला दुकानात पुसायला दिलं होतं.

ती उठली. दुकानातल्या फळीवर दोन तयार घड्याळं होती, पुढच्या आठवड्यात पाठवायची. एकाचा तळ सोडवला. दगड. दुसऱ्याचा सोडवला. दगड, आणि त्याच लुगड्याचा तुकडा. पेटी उचलल्यावर हलकी लागू नये म्हणून दगड, आणि दगड वाजू नये म्हणून कापड. केवढी अक्कल लावली होती माणसाने! ती खाली बसली. सहा महिन्यांपूर्वी याच फळीवरची धूळ पुसताना तिने एक घड्याळ उचलून बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वजन कसं छान भरलंय.

मग तिने आपल्या कॉइल शोधायला सुरुवात केली. दुपारचं जेवण राहिलं. माळ्यावर जुन्या टीव्हीची खोकी होती, त्यांच्यामागे संत्र्याच्या दोन पेट्या. संत्री लावतात तसे वर्तमानपत्राचे थर, आणि थराथरातून तिच्या कॉइल, एकेक वेगळी कागदात बांधलेली. एक्केचाळीस. प्रत्येकीच्या वरच्या कागदावर तिचंच अक्षर: अठराशे, तारीख, वत्सला. सगळ्यात जुनी तारीख ऑक्टोबर अठराची, ऑपरेशननंतरच्या पहिल्या कॉइलची. सगळ्यात नवी मागच्या सोमवारची. ती तर उकलून दुसऱ्यांदा भरलेली होती. वेढे कमी पडले म्हणून.

त्याने त्या भंगारात विकल्या नाहीत, जपून ठेवल्या, याचं बरं वाटून घ्यावं की आणखी चीड यावी हे तिला कळेना. शेवटी चीडच आली. पोटच्या लेकरासारखी एकेक वस्तू आपण त्याच्या हाती दिली, आणि तो माळ्यावर चढून ती कागदात बांधत होता, शिडी लावून, सहा वर्षं. आपण खाली बसून पुढची मोजत होतो.

रडू आलं नाही. वेगळाच प्रश्न डोक्यात शिरला: आपलं काम खरंच बिघडलं होतं का? डोळ्याच्या ऑपरेशननंतर हात गेला, आणि नवऱ्याला ते सांगवलं नाही, असं तर नाही? तसं असेल तर माणसाने वाईट केलं, पण वाईट मनाने नाही केलं.

भावाच्या दुकानात मोटार जळकी की धड हे ओळखायची एक साधी रीत होती. वीज एका बल्बमधून न्यायची. आतले वेढे एकमेकांना चिकटले असतील तर बल्ब लख्ख पेटतो, काम धड असेल तर विझल्यासारखा राहतो. तिने तसा बल्ब बांधला आणि एकेक कॉइल जोडायला घेतली. पहिली, बल्ब विझलेला. दुसरी, विझलेला. मीटर लावलं, आकडे बरोबर. दहा झाल्या, वीस झाल्या, बाहेर ऊन उतरलं. एक्केचाळीसपैकी चाळीस धड निघाल्या. 'कमी पडल्या' म्हणून परत आलेल्या, उकलून पुन्हा भरलेल्या, त्याही सगळ्या धड.

राहिली ती ऑक्टोबर अठराची. ती काळी ठिक्कर पडली होती, हातात घेतली तर अजूनही जळका वास येत होता. वत्सलाने ती उजेडात धरली आणि टोकं बघितली. एक गाठ, दोन गाठी, बिनगाठी. भिंतीतल्या विजेची वायर जिथे झाळली होती, ती टोकं बिनगाठीची होती. नऊ व्होल्टच्या टोकांना दोनशेतीस जोडले होते. जळणार नाही तर काय होणार? आणि झाळ देवीदासच्या हातची. अशी गोल, चकचकीत झाळ सौंसरात दुसरा कुणी देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवीदास आला तो नातवाच्या गमती सांगतच. पिशवीत विशालने दिलेली संत्र्याची बर्फी होती. दुकानाच्या मधोमध तीन उघड्या पेट्या, तीन दगड आणि एक्केचाळीस कॉइल मांडलेल्या बघून तो चप्पल काढायचंही विसरला.

'हे... हे काय करून ठेवलं तू?'

'मी काई नाई केलं,' वत्सला म्हणाली. 'तुम्ही काय केलं थे सांगा.'

तो स्टुलावर बसला. पाणी मागितलं. तिने दिलं नाही.

'तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं न,' तो म्हणाला. 'त्याच्यानंतरची पहिलीच कॉइल जळली. मले वाटलं, आता तुझ्यानं होत नाही. पन तुले कसं सांगू? तुले वाईट वाटलं असतं. म्हनून मी बाहेरून पट्टी मागवली. तुझ्यासाठीच केलं मी हे.'

किती सोपं असतं, नाही? बायकोच्या काळजीचं पांघरूण ओढलं की त्याखाली काहीही झाकता येतं. वत्सलाने काळी कॉइल त्याच्या मांडीवर ठेवली. 'गाठी पाहा.'

त्याने बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, हे तिला त्याच्या मानेवरूनच कळलं.

'तुम्हाले माहीत होतं.'

'दुसऱ्या दिवशी समजलं,' देवीदास पुटपुटला. 'माझ्याच हातानं उलटं जोडल्या गेलं होतं. सांगनार होतो. पन तोवर पट्टी बसवून पाहिली होती मी. पंधरा मिनिटांत काम. ना वार्निश, ना ऊन, ना चार दिवस थांबनं. म्हटलं, आता कशाले...'

'मंग मले बंद कर म्हनायचं होतं.'

'तुले बंद कर म्हटलं असतं तं तू दिवसभर काय केलं असतं, वत्सला? तुझा जीव होता त्याच्यात.'

'आन् कमी पडले म्हनून परत आनत होते थे?'

देवीदास म्हणाला, 'सगळ्याच चांगल्या म्हटल्या असत्या तं तुले संशय आला असता.'

वत्सलाला भाचीची हळद आठवली. ते दोन दिवस आठवले, उकललेल्या तारेचा गुंता, सुजलेला खांदा, आणि दारात उभा राहून 'होऊ दे आरामात' म्हणणारा हा माणूस. या गरीब म्हणवणाऱ्या माणसाने तिचा केसाने गळा कापला होता, आणि कापताना खांद्याला मलमही लावून दिलं होतं.

'आन् कार्ड?' तिने विचारलं. 'थे तं बंद करायचं होतं. त्याच्यावर माझं नाव हाय.'

'कार्डानंच गिऱ्हाईक येते न,' देवीदास म्हणाला. 'घड्या काय, कोनीही बनवते आजकाल. हाताचं म्हटलं की लोक घेते.'

'दर पौर्णिमेले मी विहारात बसून पंचशील घेते,' वत्सला म्हणाली. 'चौथं शील काय हाय? खोटं बोलनार नाही. सहा वर्षं मी थे म्हनून राहिली, आन् माझ्या हाताचा फोटो लावून एकोणचाळीस घरी खोटं जाऊन राहिलं. तुम्ही मले फसवलं थे एक झालं. पन मलेच चोर केलं तुम्ही. मले न इचारता.'

देवीदास रडला. खरंच रडला, हाताच्या पाठीने डोळे पुसत. तिला दया आली नाही, आणि दया आली नाही याचं तिला नवल वाटलं. बर्फीची पुडी दोन दिवस तशीच पिशवीत राहिली. घरात स्वयंपाक होई, दोघं जेवत, पण एकाचं जेवण आटोपल्यावर दुसऱ्याचं.

शनिवारी संध्याकाळी तो नवा बेत घेऊन आला. आवाज पुन्हा तोच, गोड. 'असं करू. त्या बाईच्या घडीत तुझी एक कॉइल बसवून देतो. फळीवरच्या दोन्हीत बसवतो. आजपासून सगळ्यात तुझंच. चाळीस तयार हायेत. बाकीच्या लोकाइले सर्व्हिसिंगच्या नावानं बोलवू, हळूहळू बदलून टाकू. कोनाले काई समजनार नाही. म्हंजे सगळं खरं होऊन जाईन.'

वत्सलाने त्याच्याकडे बघितलं. माणूस बेइमानी निस्तरायलाही बेइमानीच काढत होता, आणि त्याला ते दिसतही नव्हतं.

'माझी एकही बसवायची नाही,' ती म्हणाली. 'तुमचं खोटं खरं करासाठी नाही गुंडाळल्या मी.'

रविवारी अकराच्या सुमारास सुचिता आली. देवीदासने नवी पट्टी टाकून घड्याळ चालू करून ठेवलं होतं. अकरा वाजून सात मिनिटं, चारही नळ्या झकास पेटलेल्या. सुचिता खूश झाली. 'काय झालं होतं काकू? तारच तुटली होती काय?'

देवीदास घाईने म्हणाला, 'नाही नाही, छोटीशीच...'

'बसा तुम्ही,' वत्सला सुचिताला म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, काही वगळलं नाही. दगड समोर ठेवला, लुगड्याचा तुकडा ठेवला, आपली एक कॉइल ठेवली. 'कार्डावर लिहिलं हाय थे हे. आन् तुमच्या घडीत निंघालं थे हे. घडी परत करायची असन तं ठेवून जा.'

सुचिताने कॉइल हातात घेतली. वरच्या कागदावरचं पेन्सिलीचं नाव वाचलं. देवीदासकडे बघितलं, तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

'काकू,' ती म्हणाली, 'घडी मले आवडते, थे मी नेते. पन हे तुमचं एक त्याच्यात बसवून द्या न. मले खरंखुरं पाहिजे.'

'तुमचं मन चांगलं हाय, बाई. पन नाही.' वत्सलाने हात पुढे केला. 'कार्ड आनलं काय?'

सुचिताने पर्समधून कार्ड काढलं. वत्सलाने दुकानातला बॉलपेन घेतला आणि आपल्या नावावर रेघ मारली. एकदा मारून अक्षरं दिसत होती, म्हणून आणखी दोनदा मारली. मग हातांच्या फोटोकडे जरा बघून तोही खोडला, आणि कार्ड परत दिलं. सुचिता टॉवेलात घड्याळ गुंडाळून निघाली. दारात थांबून तिने 'जय भीम, काकू' म्हटलं. वत्सलानेही म्हटलं.

बसचा आवाज दूर गेल्यावर देवीदास काउंटरवरची उरलेली कार्डं गोळा करू लागला. दीडशे-दोनशे होती. त्यांचा गठ्ठा हातात धरून तो उभा राहिला.

'पुण्याहून एक फोन येनार हाय,' तो म्हणाला. 'त्याले दोन घड्या पाहिजे, कार्डासंगच पाहिजे. काय सांगू त्याले?'

'सांगा, बायकोनं काम सोडलं.'

'कधीपासून म्हनू?'

वत्सला आत जायला निघाली होती. ती थांबली आणि वळून म्हणाली, 'सहा वर्षं झाले म्हना.'